कोण जिंकेल आणि कोणी जिंकावे : बेसबॉलच्या ऑक्टोबरचा इतिहास

खेळाकडे केवळ खेळ म्हणून पाहावे, असे सांगणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. खेळात जात आणू नका, वर्ण आणू नका, राजकारण आणू नका, असा त्यांचा उपदेश असतो. हा उपदेश करणाऱ्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला कधी विचारलेला नसतो. खेळात वर्ण आणला कोणी? ज्यांना मैदानाबाहेर ठेवले त्यांनी, की ज्यांनी मैदानाला कुंपण घातले त्यांनी? अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर इतक्या स्वच्छपणे देतो की, आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी तो मुळातून समजून घ्यावा असे मला वाटते.

मी इतिहासाचा शिक्षक आहे आणि बेसबॉलचा जुना शौकीनही आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. दरवर्षी ऑक्टोबर आला की मी वहीत दोन रकाने आखतो. पहिला, कोण जिंकेल? दुसरा, कोणी जिंकावे? पहिला रकाना भाकिताचा, दुसरा कौलाचा. भाकीत करताना आपण बळ मोजतो, कौल देताना इतिहास मोजतो. हे दोन रकाने वेगळे का ठेवावे लागतात, हाच या लेखाचा विषय आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेत वरच्या दर्जाचे ३० संघ दोन लीगमध्ये विभागलेले आहेत. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. त्यांतून प्रत्येक लीगचे सहा, असे एकूण १२ संघ ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांत येतात. ही संख्या २०२२ पासूनची. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, तिसरी सातांची. शेवटी दोन लीगच्या विजेत्यांत सात सामन्यांची लढत होते, तिला ‘वर्ल्ड सिरीज’ म्हणतात. ती १९०३ पासून चालत आली आहे. १६२ सामन्यांत संघाचा कस लागतो, पाच सामन्यांत मात्र नशिबालाही हात धुवून घेता येतो. २०२३ मध्ये हंगामात शंभर किंवा त्याहून अधिक सामने जिंकलेले अटलांटा, बाल्टिमोर आणि लॉस एंजेलिस हे तिन्ही संघ दुसऱ्या फेरीतच गारद झाले, आणि अवघे ८४ सामने जिंकलेला ॲरिझोनाचा संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. तेव्हा पहिल्या रकान्याची मातब्बरी फारशी नाही. खरा विचार दुसऱ्या रकान्याचा करायचा आहे.

कौल देणारा प्रेक्षक तटस्थ नसतो, कारण खेळच तटस्थ नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. म्हणजे आरंभी कुंपण पुरते घातलेले नव्हते. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी मतदान करून ठरवले की, कृष्णवर्णीय खेळाडूंशी यापुढे नवे करार करायचे नाहीत. त्याच सुमारास शिकागोचा नामांकित खेळाडू कॅप ॲन्सन हा कृष्णवर्णीयांविरुद्ध मैदानात उतरायलाच नकार देत होता. पुढे वरच्या लीगमध्ये यासाठी कोणताही लेखी नियम केला गेला नाही. त्याची गरजच नव्हती. सगळ्या मालकांना तो पाठ होता. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गावच्या पाणवठ्यावर तरी पाटी कोठे लावलेली असे? लिहिलेला कायदा बदलता येतो. न लिहिलेला कायदा असतो हेच आधी सिद्ध करावे लागते, आणि तो पाळणारे लोक असा कायदा आहेच कोठे, म्हणून आपल्यालाच विचारतात.

कुंपणाबाहेरच्या माणसांनी मग काय केले? ती रडत बसली नाहीत. १९२० साली रूब फॉस्टर या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, कॅन्सस सिटीत इतर संघमालकांना एकत्र आणून निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. फॉस्टर स्वतः शिकागोच्या संघाचा मालकही होता. १९२४ मध्ये कृष्णवर्णीयांची स्वतःची वर्ल्ड सिरीज झाली आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाने हिलडेलला हरवून ती जिंकली. १९३३ पासून शिकागोत ‘ईस्ट-वेस्ट’ हा निवडक खेळाडूंचा सामना भरू लागला. त्यात कोणी खेळायचे हे प्रेक्षक मत देऊन ठरवीत, आणि ही मते ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’ यांसारखी कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे गोळा करीत. ज्या काळात दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय माणसाला मतदानकेंद्राची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या काळात तो आपल्या आवडत्या खेळाडूला मत देत होता, आपल्याच वृत्तपत्रातून, आणि ते मत मोजले जात होते. कौल या शब्दाचा एवढा खरा अर्थ मला दुसरीकडे कोठे आढळलेला नाही.

यानंतर जॅकी रॉबिन्सनचे पर्व येते. जॉर्जियात १९१९ साली जन्मलेला हा माणूस मुळात दबून राहणारा नव्हता. लष्करात अधिकारी असताना १९४४ मध्ये त्याने बसच्या मागच्या भागात जाऊन बसायला नकार दिला. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. १९४५ मध्ये तो मोनार्क्सकडून खेळला. त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याच्याशी करार केला आणि १९४६ मध्ये त्याला माँट्रियलच्या दुय्यम संघात पाठवले. याच १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन्ही समाजांचे प्रश्न बाबासाहेब शेजारी शेजारी ठेवून पाहत होते, याची ही साक्ष आहे.

१५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. त्या दिवशीच्या सुमारे २६ हजार प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते असे सांगितले जाते. त्या दिवसापासून अमेरिकेतील असंख्य कृष्णवर्णीय घरांत डॉजर्स हा घरचा संघ झाला. ज्यांनी ब्रुकलिन कधी पाहिले नव्हते अशी माणसे रेडिओपाशी बसून त्या संघासाठी जीव टाकू लागली. समोर कोण होते? न्यूयॉर्क यांकीज. १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या चारही वर्ल्ड सिरीज यांकीजने डॉजर्सकडून हिसकावून घेतल्या, आणि या चारही वेळी यांकीजच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. भाकिताच्या रकान्यात यांकीज लिहिणे हे शहाणपणाचे होते. पण कौल? कौल देताना त्या माणसांना जिंकणारा घोडा निवडायचा नव्हता. शेवटी ४ ऑक्टोबर १९५५ रोजी डॉजर्सने सातवा सामना जिंकला. यांकीजनेही आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू एल्स्टन हॉवर्ड याला त्याच वर्षी घेतले होते. बॉस्टन रेड सॉक्स सर्वांत शेवटी, १९५९ मध्ये तयार झाला. याच बॉस्टनने १९४५ मध्ये रॉबिन्सनची चाचणी घेतली होती आणि त्याला घेतले नव्हते.

येथवरची कहाणी अमेरिकेतील प्रस्थापित मोठ्या आनंदाने सांगतात. दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक पाठीवर लावतात. परंतु या कहाणीची दुसरी बाजू आपण पाहिलीच पाहिजे. रिकी यांनी रॉबिन्सनला नेले तेव्हा मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. न्यूअर्क ईगल्सची मालकीण एफा मॅन्ली ही करारी बाई होती. लॅरी डोबीला क्लीव्हलँडने नेले तेव्हा तिने भांडून १५ हजार डॉलर वसूल केले. पण हाही समुद्रातला थेंबच. ईगल्स हा १९४६ चा निग्रो वर्ल्ड सिरीजचा विजेता संघ. रॉबिन्सन ब्रुकलिनला खेळू लागताच १९४७ मध्ये त्याच ईगल्सचे प्रेक्षक जवळपास निम्म्यावर आले. १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीगच बंद पडली. संघ गेले, त्यांबरोबर कृष्णवर्णीय मालक गेले, व्यवस्थापक गेले, पंच गेले. गोऱ्यांच्या लीगने खेळाडू घेतले, संस्था घेतल्या नाहीत.

प्रेक्षकांनी चूक केली का? मी तसे म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेला दरवाजा उघडल्यावर तिकडे धावणाऱ्याला दोष कोण देईल? दोष देणाऱ्याला बंद दरवाजा ठाऊकच नसतो. मात्र त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो आपलाही आहे. आपली चार हुशार मुले प्रस्थापितांच्या संस्थेत गेली म्हणजे समता आली, असे समजायचे का? आत जाणारा एकटा जातो, आणि मागे राहिलेली त्याची संस्था ओस पडते. प्रवेशाला समता म्हणायचे असेल तर आत गेल्यावर कारभारात वाटा किती मिळाला आणि बाहेर आपले म्हणून काय उरले, या दोन्ही गोष्टींचा हिशेब मांडला पाहिजे.

जोश गिब्सन या खेळाडूचे उदाहरण या हिशेबात विसरता येत नाही. निग्रो लीगमधील हा अचाट ताकदीचा फलंदाज. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो मरण पावला. रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच्या आधी तीन महिनेसुद्धा पुरते झाले नव्हते. २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगना वरचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिळवले. तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजीच्या सरासरीत गिब्सनचे नाव टाय कॉबच्याही वर, सर्वांच्या वर गेले. सन्मान झाला, त्याचे स्वागत करू. पण ७७ वर्षांनी कागद दुरुस्त झाला, आयुष्य दुरुस्त झाले नाही.

१९७२ हे साल माझ्या वहीत मी लाल शाईने लिहिले आहे. कर्ट फ्लड हा सेंट लुईसचा मोठा खेळाडू. १९६९ मध्ये त्याच्या संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्या वेळच्या करारात असे कलम होते की, खेळाडू कायमचा मालकाच्या ताब्यात राही. फ्लडने खेळाच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले की, विकत घ्यायची आणि विकायची वस्तू मी नाही. वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याने गुलामीची भाषा करावी, याचे लोकांना नवल वाटले. पगार चांगला असला म्हणून गुलामी संपत नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि जून १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली. साडेतीन वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, दुसऱ्या खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ते कलम मोडीत काढले. आज कोट्यवधी डॉलर मिळवणारा प्रत्येक खेळाडू फ्लडच्या पराभवावर उभा आहे. फ्लड वाढला तो कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये. याच गावात १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि त्याच्यावरून नाव घेऊन १९७२ मध्येच मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी रॉबिन्सनचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. आभार मानून गप्प बसण्याऐवजी त्याने भर मैदानात सांगितले की, संघाचा मॅनेजर म्हणून कृष्णवर्णीय चेहरा दिसेल त्या दिवशी मला अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी तो वारला. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मैदानावरचा सूत्रधार. कोण खेळेल, केव्हा बदलेल, हे तो ठरवतो. घाम चालतो, हुकूम चालत नाही, ही रीत आपल्याला नवी नाही. पालवणकर बाळूंच्या गोलंदाजीवर हिंदू संघाने सामने जिंकले, पण कर्णधारपद त्यांना कधी दिले नाही. अमेरिकेत पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये क्लीव्हलँडला आला. वर्ल्ड सिरीज जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर सिटो गॅस्टन. त्याला १९९२ साल उजाडावे लागले.

म्हणजे आता प्रश्न सुटला का? २०२२ ची वर्ल्ड सिरीज पाहा. जिंकणाऱ्या ह्यूस्टन संघाचा मॅनेजर डस्टी बेकर हा कृष्णवर्णीय. ७३ वर्षांच्या या माणसाच्या विजयाने मलाही भरून आले. पण त्याच सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असे १९५० नंतर प्रथमच घडले. १९९१ मध्ये वरच्या दर्जाच्या संघांत १८ टक्के खेळाडू कृष्णवर्णीय अमेरिकन होते, २०२४ मध्ये ते सुमारे ६ टक्क्यांवर आले. या वेळी कोणी बंदी घातलेली नाही. मुलांचा खेळ महागड्या खासगी क्लबांच्या हाती गेला आणि गरीब वस्तीतली मैदाने ओस पडली. कॅरिबियन देशांतली मुले स्वस्तात मिळतात, म्हणून मालकांनी तेथे अकादम्या काढल्या. खुर्चीवर आपला माणूस बसला आणि शाळेतून आपली मुले गळाली, या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. म्हणून खुर्ची पाहून कौल देणाऱ्याने पटांगणाकडेही पाहिले पाहिजे.

कौलाची आणखी एक अडचण आहे. शोषितांचा लाडका संघ दुसऱ्या शोषिताच्या छातीवर उभा असू शकतो. १९५८ पासून डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले. तेथे त्यांचे भव्य मैदान शावेझ रवीन या टेकड्यांवर १९६२ मध्ये उघडले. त्या टेकड्यांवर मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या तीन वस्त्या होत्या. सरकारी घरे बांधतो असे सांगून त्यांच्या जागा घेतल्या, घरांची योजना रद्द झाली आणि १९५९ मध्ये उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले. धरणासाठी गाव उठवलेल्या आपल्या माणसांना ही कथा ओळखीची वाटेल. रॉबिन्सनचा संघ तो हाच. १९८१ मध्ये मेक्सिकोच्या खेड्यातून आलेला पिचर फर्नांडो व्हॅलेन्झुएला या मैदानावर गाजला, तेव्हा मेक्सिकन लोक मोठ्या संख्येने तेथे येऊ लागले. त्यांचा हा कौल संघमालकाला नव्हता, आपल्या पोराला होता.

क्लीव्हलँडचीही तीच गत. याच संघाने १९४७ मध्ये लॅरी डोबीला घेतले. १९४८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डोबीच्या तडाख्याने चौथा सामना जिंकल्यावर तो आणि गोरा पिचर स्टीव्ह ग्रोमेक गालाला गाल लावून हसताना जे छायाचित्र निघाले, ते देशभर छापले गेले. आणि याच संघाच्या टोपीवर अमेरिकेच्या मूळनिवासींची टवाळी करणारा लाल चेहरा २०१८ पर्यंत होता. १९९५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तर क्लीव्हलँड आणि अटलांटा या दोन्ही संघांची नावे मूळनिवासींवरून उचललेली होती. मूळनिवासी कार्यकर्ते मैदानाबाहेर निषेध करीत उभे होते. त्यांनी त्या वेळी कोणाला कौल द्यायचा होता? काही लढती अशा असतात की दुसरा रकाना कोराच ठेवावा लागतो, आणि तो कोरा ठेवणे हाही एक कौलच असतो.

एवढ्या इतिहासानंतर माझा स्वतःचा हिशेब सांगतो. पहिल्या रकान्यात मी डॉजर्स लिहितो. २०२४ आणि २०२५ अशा सलग दोन वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकल्या. त्यांचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स याचे वडील कृष्णवर्णीय आणि आई जपानी. पैसा, खेळाडू आणि सूत्रधार असे सगळे बळ तेथे आहे. २०२५ चा सातवा सामना अकराव्या डावापर्यंत गेला तरी शेवटी तेच जिंकले. दुसऱ्या रकान्यात मी क्लीव्हलँड लिहितो. डोबीच्या १९४८ नंतर २०२५ पर्यंत त्या शहराला वर्ल्ड सिरीज मिळालेली नाही. डोबी आयुष्यभर दुसरा राहिला. रॉबिन्सननंतर अकरा आठवड्यांनी आला आणि तेवढाच छळ सोसला, पण नाव पहिल्याचे झाले. १९७८ मध्ये तो मॅनेजर झाला तेव्हाही दुसराच. शिवाय त्या संघाने मूळनिवासींच्या लढ्यापुढे नमून २०२२ च्या हंगामापासून आपले नाव बदलले. उशिरा का होईना, लोकांच्या दबावाने ज्याने चूक सुधारली त्याला कौल दिला, तर दबाव आणणाऱ्यांचे बळ वाढते.

हा कौल कायमचा नाही. संघाच्या नावाशी मी लग्न लावलेले नाही. दर ऑक्टोबरात मी चार प्रश्न नव्याने विचारतो. मैदानात कोण आहे? हुकूम कोणाचा चालतो? मैदान कोणाच्या जमिनीवर उभे आहे? आणि टोपीवर कोणाचा अपमान मिरवला जातो आहे? ज्या संघाची उत्तरे बदलतील, त्याचे नाव माझ्या दुसऱ्या रकान्यातून खोडले जाईल. विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की, हे चार प्रश्न बेसबॉलपुरते ठेवू नका. निवडणुकीत, साहित्य संमेलनात, विद्यापीठात, जेथे जेथे तुमच्याकडे टाळ्या मागितल्या जातात तेथे ते विचारा आणि मगच हात उचला.